दोनशे छप्पन्नाव्या सुईनंतर

गणपत साचेवाल्याच्या बोटांना अठरा वर्षांनी पुन्हा सुताचा वास यायला लागला, आणि तो सगळ्यात आधी ओळखला त्याच्या बायकोनं, रखमानं. भोईवाड्यातल्या खोलीत भाकरी वाढता वाढता तिनं त्याचा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "आता कसो माझ्या घोवाचो वास येता."

"मग इतकी वर्षं कुणाचा येत होता?"

"कुणाचोच येय नाय होतो. तीच तर पंचाईत होती."

खरंच होतं ते. संप झाला तेव्हा गणपत अडतिसाचा. गिरणीत मागाला साचा म्हणत, आणि चार चार साचे एकटा सांभाळणारा हा माणूस संपानंतर आधी भाजीच्या गाडीवर उभा राहिला, मग एका कचेरीच्या दारावर राखणदार झाला. बसायला स्टूल, अंगात निळा शर्ट, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम. सलामाला काही वास नसतो. हात धुवावे लागत नाहीत, म्हणून ते स्वच्छही वाटत नाहीत.

साच्यावर त्याला परत आणलं लेकीनं. संपाच्या साली सुनेत्रा सात वर्षांची होती. आता पंचविशीची होऊन ती चाळीपासून दहा मिनिटांवरच्या एका गाळ्यात कामाला होती. गाळा राजारामभाऊंचा. इन्व्हर्टर बनवता बनवता या गृहस्थांच्या मनानं घेतलं, की नक्षीच्या साच्याला जी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागते, ती काढून टाकायची. साच्याच्या डोक्यावर तीनशे वीस सुया. प्रत्येक आडव्या धाग्याला त्यातल्या कुठल्या उचलायच्या, कुठल्या खाली ठेवायच्या, हे पुठ्ठ्यानं नव्हे, संगणकानं सांगायचं. त्यासाठी एक कार्ड बनवलं, भिवंडीहून एक जुना साचा आणून गाळ्यात उभा केला आणि सुनेत्राला म्हणाले, "चालवायला माणूस कुठून आणू? नवी पोरं साचा बघून पळतात."

"माझ्या घरी आहे एक," ती म्हणाली. "स्टुलावर बसवून ठेवलाय."

सहा महिने झाले त्याला. पण राजारामभाऊ भले असले तरी त्यांच्या भलेपणाला तारीख असे. या शनिवारी एक गिऱ्हाईक येणार होतं. त्याला कापड पटलं तर साचा राहील. नाही पटलं तर सोमवारी सकाळी भिवंडीचा टेंपो साचा घेऊन जाईल आणि गाळा पुन्हा इन्व्हर्टरचा. सुनेत्राला इन्व्हर्टरमध्येही काम मिळालं असतं. गणपतला मात्र परत स्टूल. हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण रखमा रोज सकाळी त्याचा निळा शर्ट दोरीवरून काढून ट्रंकेत तळाशी ठेवी. दर खेपेस तो निघे कसा वर, देव जाणे. बहुतेक गणपतच काढून ठेवत असावा, सवय मोडू नये म्हणून.

सुनेत्राचं काम नेमकं काय, हे रखमाला समजून घ्यायचं होतं. एकदा मासे निवडता निवडता तिनं विचारलं.

"आई, संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो," सुनेत्रा म्हणाली. "त्याला कर्नेल म्हणतात. कुणाला कुठली जागा, कुणाचा निरोप कुणाला, सगळं तो बघतो. आपल्या साच्याचं कार्ड त्याच्या घरचं नाही, पाहुणं आहे. त्या कार्डावर स्वतःची चिमूटभर पाटी आहे, आणि तिचा पत्ता लांबचा. मी त्या लांबच्या पत्त्याला कारभाऱ्याच्या वहीत जवळचं नाव जोडून देते. मग त्या नावावर काही लिहिलं की ते कार्डाच्या पाटीवर उमटतं आणि सुया उचलल्या जातात."

"जवळचा नाव म्हणजे?"

"आपल्या चाळीत कुणी खोली नंबर बेचाळीस म्हणतं का? नळाशेजारची जाईबाई म्हणतात. नंबर न् नाव यांची गाठ घालून द्यायची."

"म्हणजे तू पोस्टात लागलंस," रखमा म्हणाली. आणि सुरमईचं खवलं बोटानं उडवत तिनं जुळवलं,

*धोट्या रे बापडा, किती घालशील येरझारा*
*तुझ्या पायाखाली वाट नाही, तरी कापडाचा पसारा*

तिच्या माहेरी कुडाळला जात्याशी बसून जुळवायची रीत होती. मुंबईत जातं नव्हतं, पण जुळवणं काही सुटलं नाही.

हा कारभारी आणि कार्ड यांचा संसार सुरुवातीला नीट लागेना. गाळ्यात पहिली नक्षी विणली ती पानावेलीची, दोन्ही काठांना. डाव्या काठाची पानं देखणी आली. उजव्या काठाची मात्र करवतीनं कापल्यासारखी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. सुनेत्रानं वायरी बदलल्या, चुंबकं बदलली, आपला प्रोग्राम वरून खाली आणि खालून वर वाचला. चित्र दाखवणाऱ्या एका कार्डासाठी लिहिलेला जुना प्रोग्राम समोर ठेवून तिनं तो बेतला होता. त्यात खोट दिसेना. दोन आठवडे गेले. शेवटी गेल्या मंगळवारी तिनं दोन ओळींच्या मध्ये एक बारीकसा थांबा घातला आणि वायरी आणायला बाजारात जाऊन येऊन साचा लावला, तर उजव्या काठाची पानं डाव्याच्या जुळ्या बहिणी. राजारामभाऊंनी कांदाभजी मागवली. सुनेत्रानं त्या कापडाला पापी दिली. गणपत भजी न खाता म्हणाला, "चला, चहा घेऊ," आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता पेला घेऊन साच्यामागं गेला.

शनिवारी सकाळी दहाला पुतळाबाई आल्या. शीव कोळीवाड्याच्या. साठीच्या, कानात सोन्याच्या बुगड्या, पाऊल असं पडे की गाळ्याची फरशी आपसूक नीट बसावी. त्यांच्या पाड्यातल्या चाळीस बायांना होळीला एकसारखी लुगडी पाहिजे होती.

"दुकानान काय देतान?" त्या खुर्चीवर न बसता बोलल्या. "पोपट. आंबा. चाक. आमी काय पोपट इकतो? मना काठाव पापलेट पायजे."

"पापलेट," राजारामभाऊंनी मान डोलावली, जणू दिवसभर लोक हेच मागतात.

पुतळाबाईंनी कनवटीतून चौकोनी वहीचं पान काढलं. नातीनं एक एक घर रंगवून मासा काढला होता. चपटा, रुबाबदार, कल्ल्यामागं पर, तोंडाशी वाटोळा डोळा.

गणपत पुढं झाला. "द्या इकडं. मी भरतो." एव्हाना लेकीनं त्याला नक्षीची घरं संगणकात भरायला शिकवलं होतं. संगणकाच्या उंदराला, म्हणजे माउसला, तो अजूनही धोट्यासारखं पकडायचा, पण चुकत नसे.

"नको, तुम्ही दोरे बघा," राजारामभाऊ म्हणाले. "बाईंना वेळ नाही. सुनेत्रा झटकन भरेल."

"मला येतं की, भाऊ."

"येतं हो. पण तुम्ही एकेका घराची पूजा करता."

गणपत तिथंच उभा राहिला. त्याच्या कपाळावर एवढा घाम सुनेत्रानं साचा अडला तेव्हाही पाहिला नव्हता. पण तिचं लक्ष पापलेटात होतं. तासाभरात तिनं दोन्ही काठांवर मासे सोडले, डावीकडचा उजवीकडे बघणारा, उजवीकडचा डावीकडे. गणपतनं साचा लावला. आडवा धागा घेऊन धोटा धावायला लागला, गाळा थरथरला, भिंतीवरचं कॅलेंडर नाचलं. अर्धी वीत कापड झालं तेव्हा पुतळाबाईंनी हात वर केला. साचा थांबला.

त्या कापडावर वाकल्या. डावा मासा बघितला, म्हणाल्या, "ह्यो आजचा हाय." उजव्याकडे गेल्या. बोटानं कापड ताणलं. पंचेचाळीस वर्षं मासळीबाजारात बसलेली ती नजर थेट डोळ्यावर गेली.

"ह्यो शिला हाय."

"काय?" राजारामभाऊ.

"मासा शिला हाय. डोला बग ना त्याचा. मोडलाय. ताज्या पापलेटाचा डोला असा असतं का?"

सुनेत्रानं पाहिलं. डोळा मधोमध दुभंगून त्याची उजवी अर्धी चकती एका धाग्यानं सरकली होती. एकाच धाग्यानं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. पानावेलीचा तोच जिना परत आला होता.

"बाई, एका धाग्यानं काय फरक पडतो?" राजारामभाऊ म्हणाले.

"मंग आमी डोला बगून मासं इकत घेतो ते येड्यावानी?" पुतळाबाई आता खुर्चीत बसल्या. "दोन वाजेपातूर हाय मी हितं. नीट करा. नाय तं पोपटवाल्याकरं जाते."

राजारामभाऊंनी सुनेत्राकडे पाहिलं, मग साच्याकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सोमवाराकडे.

"मंगळवारी सुटलं होतं," सुनेत्रा स्वतःशीच म्हणाली. "थांबा घातला आणि सुटलं. म्हणजे थांबा कमी पडतोय." तिनं तो दुप्पट केला. विणलं, डोळा मोडलेला. चौपट केला, तरी डोळा मोडलेलाच. दहापट केला तेव्हा साचा वरातीतल्या घोड्यासारखा पावलं मोजत चालला, पण मासा शिळा तो शिळाच. बारा वाजून गेले. तिची बोटं कीबोर्डवर अशी पडत होती की एकदा तर तिनं चुकून सगळा प्रोग्रामच पुसत आणला.

साच्यामागून गणपत आला. हातात घडी घातलेला कागद होता.

"सुनू, थांबा वाढवू नकोस."

"बाबा, आत्ता नको."

"मंगळवारी तू नाही सोडवलंस ते," तो म्हणाला. "मी सोडवलं."

त्यानं कागद उलगडला. पानावेलीची जुनी नक्षी, मोठ्या चौकोनी कागदावरची. तिच्या उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत पेन्सिलीची एक सरळ रेघ होती आणि रेघेपलीकडचं सगळं, पानं, देठ, कळ्या, एकेक घर वर सरकवलेलं.

"तू बाजारात गेली होतीस. मी संगणकात पण तसंच भरलं. उजवी बाजू एक ओळ मागं राहते ना, म्हणून मीच तिला एक ओळ पुढं काढली. मग कापडात बरोबर येतं."

सुनेत्रा कागदावर वाकली. "तुम्ही साच्याचा दोष नक्षीत लपवलात?"

"गिरणीच्या खात्यात सगळेच करायचे," गणपत कागदाकडे बघत म्हणाला. "साहेबाला दोष दिसला की साचा बंद. साचा बंद की माणूस घरी. म्हणून ज्याला त्याला आपापल्या साच्याची खोड पाठ. खोड झाकून कापड काढायचं. त्यालाच आम्ही कारागिरी म्हणायचो."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू इतकी खूश झालीस." त्यानं कागदाची मुडपलेली कड सरळ केली. "आणि मला वाटलं, राहील साचा."

तिला ओरडायचं होतं. चार दिवस खोट्या उत्तरावर ती विश्वासून बसली होती, या माणसामुळं. पण तिची नजर त्या पेन्सिलीच्या रेघेवर अडकली. रेघ कुठंतरी अंदाजानं मारलेली नव्हती. पट्टी लावून काढली होती.

"ही रेघ इथंच का?"

"तिथूनच उशीर होतो. अलीकडची सुई वेळेवर, पलीकडची उशिरा."

"कितवी सुई?"

"दोनशे छप्पन्नावीपर्यंत ठीक. दोनशे सत्तावन्नपासून पुढच्या चौसष्ट मागं राहतात," गणपत म्हणाला. "तीनदा मोजलंय, चष्मा लावून."

"दोनशे छप्पन्न," सुनेत्रा म्हणाली, आणि हसायलाच लागली. पुतळाबाईंनी मान वळवून पाहिलं. राजारामभाऊंना वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

"बाबा, दोनशे छप्पन्न म्हणजे एक गाठोडं."

तिनं खुर्ची ओढून बापाला शेजारी बसवलं. "हे बघा. कारभाऱ्याच्या वहीत पत्त्याला नाव देताना आणखी एक सांगावं लागतं, निरोप कसे धाडायचे ते. चित्राच्या कार्डाला घाई नसते, ढीगभर माल असतो. म्हणून तिथं सांगतात, एकेक चिठ्ठी धाडू नको, गाठोडं भरलं की एकदम धाड. मी तेच वाक्य उचलून इथं ठेवलं. आपली ओळ तीनशे वीस सुयांची. दोनशे छप्पन्नाला एक गाठोडं भरतं, ते निघतं. उरल्या चौसष्ट. त्यांचं गाठोडं अर्धवट, म्हणून ते दारातच बसून राहतं. पुढची ओळ आली की तिच्या धक्क्यानं निघतं. तोवर साच्यानं धोटा फेकलेला असतो."

"म्हणजे निरोप चुकत नव्हता," गणपत हळूच म्हणाला. "पोचत नव्हता."

"वेळेवर पोचत नव्हता. कितीही थांबा घातला तरी ते बसूनच राहणार. त्यांना कुणी ऊठ म्हटलंच नाही."

तिनं ते एक वाक्य खोडलं आणि तिथं कारभाऱ्याला लिहून दिलं, ही साठवणीची जागा नाही, हे जिवंत यंत्र आहे, इथं सांगितलेलं साठवून ठेवायचं नाही, सांगितलं की पोचवायचं. मग चाचरली. "तरी एक धास्ती आहे. निरोप निघाला हे कळतं. वाटेत आणखी एक देवडी असते, तिथं क्षणभर रेंगाळला तर?"

"पोचला का, हे विचारता येत नाही त्याला?"

"म्हणजे?"

"खात्यात साच्यांच्या खडखडाटात कानाला काही यायचं नाही," गणपत म्हणाला. "ओठ वाचायचो आम्ही. पलीकडच्या रांगेतल्या लवूला मी ओठांनी सांगायचो, धोट्यातली सुताची कांडी संपली. पण त्यानं हात वर केला नाही तोवर सांगितलं असं धरायचं नाही. हात वर, म्हणजे पोचलं. मग मी माझ्या कामाला."

सुनेत्रा कीबोर्डकडे वळली. तिनं ओळीच्या शेवटी आणखी एक छोटी आज्ञा लिहिली, शेवटच्या सुईचं कार्डावर काय उमटलंय ते परत वाचून आण आणि ते हाती आल्याशिवाय धोटा सोडू नको. "परत वाचायला गेलं की आधीचं सगळं पुढं ढकललं जातंच. हा तुमच्या लवूकाकांचा हात."

"लवूनं ऐकलं तर म्हणेल, कमिशन द्या," गणपत म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा खांदा सैल झाला.

घातलेला थांबा तिनं काढून टाकला. साचा सुरू झाला तो पूर्वीच्या चालीत, मोकळा. तेवढ्यात रखमा डबे घेऊन दारात आली. एका खानावळीचे डबे घरोघर पोचवायचं काम ती करी, आणि ते उरकून रोज याच वेळी या दोघांचा आणत असे. आत सगळे एका कापडावर वाकलेले बघून तिनं डबे खाली ठेवले आणि पदर तोंडाशी धरला.

पुतळाबाईंनी हात वर केला. साचा थांबला. त्या उजव्या माशाकडे गेल्या. कापड ताणलं, सैल सोडलं, पुन्हा ताणलं. डोळा वाटोळा होता, काळाभोर, पाण्यातून आत्ता वर आल्यासारखा.

"ह्यो चालंल," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पसंत?" राजारामभाऊ.

"मी मासा पसंत करते त्ये कधी हसून सांगते? भाव वाढतं." मग रखमाकडे वळून, "कायला रडतंस गो? डब्यान काय हाय?"

"बांगड्याचा तिखला," रखमा डोळे पुसत म्हणाली. "बसा. वाढतंय."

"ताजा हाय?"

"डोळो बघून घेतलाय."

पुतळाबाई पहिल्यांदा हसल्या. गाळ्यातल्या टेबलावरच्या वायरी बाजूला सारून पंगत बसली. राजारामभाऊ बाहेर जाऊन भिवंडीला फोन करून आले. काय बोलले ते कुणी विचारलं नाही, पण आल्यावर त्यांनी दोन बांगडे मागून घेतले.

जेवण उरकता उरकता सुनेत्रानं मुद्दाम पानावेलीची जुनी नक्षी साच्यावर लावली. चार बोटं कापड झाल्यावर तिनं बापाला बोलावलं. डाव्या काठाची पानं जिथल्या तिथं होती. उजव्या काठाची मात्र एका धाग्यानं पुढं पळाली होती, जणू कुणी त्यांना उशीर होईल म्हणून दटावलं होतं.

"घ्या तुमची कारागिरी," ती म्हणाली. "आता साच्याला खोड नाही. खोड नक्षीत आहे."

गणपतनं चष्मा लावून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची चूक कुणी हसून दाखवली होती आणि कुणी घरी जा म्हणालं नव्हतं. तो संगणकासमोर बसला, उंदीर धोट्यासारखा मुठीत धरला आणि उजवीकडचं पहिलं घर एक ओळ खाली आणलं. मग दुसरं.

"चौसष्ट रांगा आहेत, बाबा. मी एका आज्ञेत खाली करून देते."

"राहू दे."

"अहो, संध्याकाळ होईल."

"होऊ दे की," गणपत म्हणाला. "उरलेलं सोमवारी. यायचंच आहे."

रखमानं डबे विसळून एकात एक बसवले. घरी गेल्यावर तो निळा शर्ट ट्रंकेत नव्हे, फडताळात पुसायच्या कपड्यांत टाकायचा, हे तिनं गाळ्याबाहेर पडता पडता ठरवलं. बाह्या आधीच विरल्या होत्या. तवा धरायला चांगला होईल.